दाढदुख्याच्या पिक्चरला सासू-सुना

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१४ सप्टेंबर १९९६

चि. सौंदर्याला तुझ्या सासूचा, शांतव्वाचा आशीर्वाद.

शाळेत बाईंनी शिकवलंतं, बायकांनी पत्रात ‘मी आले, मी गेले’ असं लिहावं. मी जन्मभर ‘आलो, गेलो’ म्हणणारी. ‘आले’ लिहिलं की दुसरीच कोण तरी लिहितीया असं वाटतं. म्हणून बोलतो तसंच लिहितो.

काल दुपारी मी एकटीच पिक्चरला गेलतो. घरात सांगितलं, बनाबाईकडं वाती वळायला जातो. टॉकीजच्या दारातला तिकीट फाडणारा म्हणाला, "मावशी, आज जोडीदारीण कुठं?" म्हटलं, माहेरला गेलीया. त्यो म्हणाला, "मग मजा न्हाई." खरंच न्हवती.

पिक्चर नवा म्हणून लावलाय, पण वाडा त्योच. डाव्या अंगाला मोडका जिना, वर काळं झुंबर. ह्या वेळी पडदे तेवढे निळे केल्यात. भूतबी त्योच, आपण नाव ठेवलेला दाढदुख्या. आता त्याला शिंगं लावल्यात, पण गाल तसाच सुजलेला, मी लगेच वळखलं. हिरोइनीला धरायला आला तर त्याचं एक शिंग हललं. त्यानं ते हातानं दाबून नीट बसवलं आणि मग परत गुरगुरला. पुढच्या रांगेतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. मला हसू आलं म्हणून मी बाजूला बघितलं, तर शेजारी कोण तरी बाई डोळ्यांवर पदर घेऊन बसलेली. हसू घशातच ऱ्हायलं.

पहिल्यांदा कसं गेलतो आठवतंय का? तुझं लग्न झालं त्या उन्हाळ्यात आपण देवाच्या पिक्चरला निघालतो आणि तिकिटं संपलीती. समोरच्या टॉकीजला चेटकिणीचं चित्र लावलंतं. मी नको म्हणत होतो. तू म्हणालीस, "अव्वा, आत सावली तर हाय." लग्न होऊन येऊन तुला तीन-चार महिने झालतं, पण तंवर तू माझ्याशी ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ एवढंच बोलायचीस. आत बसलो, चेटकिणीनं हात वर केला, आणि तू माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, "दोनशे वर्सांची चेटकीण, आणि दंडावर देवी टोचल्याची खूण." मी एवढा हसलो की मागच्या माणसानं गप बसा म्हणून सांगितलं. त्या दिवसापासनं तू मला सून वाटली न्हाईस. काय वाटलीस ते मला नीट सांगता येत न्हाई.

आता मुद्द्याचं. आषाढात तुझं पोटातलं गेलं, त्याचं लोक काय बोलत्यात ते तुझ्या कानावर आलं असंल. तुझ्या मामंजींची बहीण, बाळाबाई, साऱ्या पेठेला सांगत्यात की पोटुशीनं भुतांचं पिक्चर बघितलं, म्हणून झालं. मी त्यांच्या तोंडावर सांगितलं, तिकीट मी काढलंतं, हात धरून मी नेलंतं. डाक्तरीणबाईंनी सांगितलंय, अशानं काय होत न्हाई, कुणालाबी होतं. त्यांना ते पटत न्हाई.

मल्लेश बरा हाय. तुझी आठवण काढतो असं लिहिणार होतो, पण त्यो हल्ली कुणाचंच नाव काढत न्हाई. जेवतो आणि बापासंगं गुळाच्या अडतीवर जातो. नवऱ्यानं न्यायला यावं असं तुला वाटत असणार, ते मला कळतं. पण वाट बघू नको. दसऱ्याला तूच ये. घर तुझं हाय.

तुझी
शांतव्वा


९ ऑक्टोबर १९९६

सौंदर्या,

मागच्या पत्रात ये म्हणून लिहिलंतं. आता सांगतो, येऊ नकोस. मल्लेश स्वतः फळांची पिशवी घेऊन न्यायला आला तरी येऊ नकोस. का ते वाच.

काल दुपारी बाळाबाईंनी एक देवर्षी, भुतं उतरवणारा, घरी आणला. मल्लेशला ठाऊक होतं, मला न्हवतं. तुझे मामंजीबी घरात होते. देवर्षी पुढच्या सोप्यात बसला आणि म्हणाला, सुनंच्या अंगावरचं कापड आणा. बाळाबाईंनी तुझी हिरवी साडी आणली. त्यानं साडीवर लिंबू ठेवलं, डोळे मिटले, वठ हलवलं आणि सुरीनं लिंबू कापलं. आतनं लाल रस आला. बाळाबाईंनी तोंडावर हात घेतला. मल्लेश पांढराफटक पडला.

आणि मला हसू आलं. मी लई आवरलं, पण आलंच.

देवर्षी म्हणाला, "बाई, ह्यात हसायसारखं काय हाय?"

म्हटलं, "काय न्हाई म्हाराज. असं लिंबू आम्ही पिक्चरात बघितलंय. त्यातलं रक्त जरा पातळ होतं."

तुझ्या मामंजींना ठसका लागला. ते पाणी प्यायला म्हणून आत गेले ते आलेच न्हाईत.

त्यानं ते कसं केलं मला ठाऊक न्हाई. पण एवढी वर्सं बघून एक कळतंय. खरोखर वंगाळ काय झालं म्हणजे त्याला ढोल-ताशा लागत न्हाई. तुझं झालं तवा घरात नळाचं पाणी वाहत होतं, तेवढाच आवाज. पिक्चरवाला भ्या दाखवतो, पण तिकिटाच्या पैशात, आणि तीन तासांनी दिवे लावून घरी सोडतो. ह्यो सोडणारा न्हवता.

त्यो मल्लेशकडं बघून म्हणाला, "पिक्चर बघताना धरलंय तिला. अमावास्येला घेऊन या. अंगावर फोक पडल्याबिगर ते निघायचं न्हाई." पिशवीतनं त्यानं कडुलिंबाच्या डहाळीचा फोक काढून दाखवला. सोलून गुळगुळीत केलेला. लई जणांवर वापरलेला दिसत होता.

मल्लेशनं व्हय म्हणून मान हलवली.

त्यो गेल्यावर मी मल्लेशला विचारलं, "तू बायकोला त्याच्याकडनं मारून घेणार?"

"तिला न्हाई अव्वा. तिच्यातल्याला."

"पाठ कुणाची हाय?"

त्यो म्हणाला, "मग झालं कशानं ते तू सांग." माझं पोरगं दुष्ट न्हाई, सौंदर्या. त्यो भ्यालाय. त्याला कारण पाहिजे हुतं. डाक्तरीणबाईंनी दिलं न्हाई, ह्या बाबानं दिलं.

भुतांच्या पिक्चरला आपण गेलो आणि भूत खरं हाय असं वाटणारी माणसं घरात बसलीती. म्हणून म्हणतो, येऊ नकोस. तुझ्या भावालाबी हे वाचून दाखव.

शांतव्वा


२ फेब्रुवारी १९९७

सौंदर्या,

मंगळवारी मी तुझ्या माहेरी कबनूरला आलतो. तुला कळलं असणारच, घर काय एवढं मोठं न्हाई. तुझा भाऊ मृत्युंजय दारात आला, मला पाणी दिलं, खुर्ची दिली. मागं यंत्रमाग चालू होते, त्या आवाजात त्याला मोठ्यानं बोलावं लागत होतं. म्हणाला, "अव्वा, तुमचा मान हाय. पण सासूच सुनंला घरात येऊ नको म्हणती, ह्याचा अर्थ आम्ही काय काढायचा?"

म्हटलं, पत्र वाचलंस न्हवं?

म्हणाला, "वाचलं. मल्लेशदाजी येऊन गेले. ते म्हणाले, अशी काय मारहाण-बिरहाण न्हवती, नुसता अंगारा लावायचा होता. अव्वानंच मोडता घातला." मग खाली बघून म्हणाला, "सौंदर्याबी तेच म्हणती."

आतल्या दाराचा पडदा हलला. तू हुतीस न्हवं मागं? मी हाक मारली न्हाई. मारली असती आणि तू आली नसतीस तर मला परत एस्टीत बसवलं नसतं.

तुझा संसार मी मोडला असं तुला वाटत असंल तर वाटू दे. मी एवढंच म्हणतो, त्यो फोक मी बघितलाय आणि तू न्हाईस.

मी पत्रं लिहीत ऱ्हाणार. उत्तर नको देऊ. पण पिक्चर बघून कुणाला सांगू? बनाबाईला सांगितलं तर ती उठून देवाला दिवा लावती.

शांतव्वा


२१ जून १९९८

सौंदर्या,

काडीमोडाचे कागद झाले, ते तुला कळलंच हाय. मल्लेशचं परत लग्न ठरलंय, संकेश्वरची पोरगी, शिवांजली नाव. तुला दुसऱ्याकडनं कळण्यापरास माझ्याकडनं कळावं म्हणून लिहितो. पोरगी बरी हाय. टीव्हीवर नुसती मांजर ओरडली तरी आवाज बारीक करती.

आपल्या टॉकीजला आता भुतांचं पिक्चर आठवड्याला एकच दिवस, तेबी सकाळी. मागच्या खेपेला मोजून दहा-बारा माणसं असतील. वटवाघळाचा दोरा दिसत हुता, पहिल्यासारखाच, पण कुणी वरडलं न्हाई. पोरं वरडत न्हाईत तर मग त्या पिक्चरात काय ऱ्हातंय? निम्मा पिक्चर त्यांनी करायचा आणि निम्मा आपण, असाच त्यो धंदा हुता.

तू म्हणायचीस, मध्यंतराच्या आधी भूत दाखवू नये. मी म्हणायचो, पैसे दिल्यात तर लगेच दावावं. आता मला तुझं पटाय लागलंय. दिसंपर्यंतच बरं असतंय ते.

शांतव्वा


१८ नोव्हेंबर १९९९

सौंदर्या बाळ,

तुझं पत्र आलं. पोस्टमननं दिलं तवा मी भाकरी थापत हुतो, पिठाच्या हातानंच फोडलं. त्याला डाग पडल्यात.

तुमच्या गल्लीतल्या त्या पोरीचं वाचून मला दुपारचं जेवण गेलं न्हाई. एकोणीस वर्सांची, आणि सासरच्यांनी देवर्षीकडनं फोक मारून घेतला, पाठीवर डागबी दिला. तू लिहिलंस, तिला आंघोळ घालायला तू गेलतीस आणि तिची पाठ बघून तुला माझं पत्र आठवलं. तीन वर्सं अव्वावर राग धरला आणि पाठ माझी वाचली, असं लिहिलंस.

राग धरलास त्यात काय चुकलं न्हाई. मी तुझ्या जागी असतो तर मीबी धरला असता. घर मोडल्यालं दिसतं, वाचल्याली पाठ आपली आपल्याला दिसत न्हाई.

त्या पोरीला आता माहेरात ऱ्हाऊ दे. दवाखान्यात नेलंय का ते कळव. पोलिसात जायला तिचा बाप भीत असंल तर मृत्युंजयला संगं पाठव.

तू सुताच्या व्यापाऱ्याकडं हिशेबाला लागलीस ते लई बरं केलंस. आणि पत्राच्या शेवटी तू जे बारीक अक्षरात विचारलंस, "दाढदुख्या अजून हाय का?" त्याचं उत्तर. हाय. पण आता म्हातारा झालाय. गेल्या पिक्चरात त्याला पळाय येत न्हवतं, म्हणून हिरोइनीलाच हळू पळाय लावलंय. मला त्याची दया आली.

तुझी
अव्वा


३ डिसेंबर २०००

सौंदर्या,

घरात वाईट झालं. शिवांजलीचं पोटातलं गेलं, तुला जितके महिने झालते तेवढ्याच महिन्यांचं.

हिनं पिक्चर तर सोडच, चार महिने टीव्ही लावला न्हाई. बाळाबाईंनी उंबऱ्याला काय काय बांधलंतं. तरी गेलं.

मल्लेश दवाखान्याच्या बाकावर बसला हुता. बाळाबाई काय तरी बोलाय लागल्या, तवा त्यो एवढंच म्हणाला, "आत्ती, गप बसा." आयुष्यात पहिल्यांदा. मग माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, तुझं नाव घेतोय. घेतलं न्हाई. पण शिवांजलीला घरी आणल्यावर रोज तिच्या उशाशी बसतो, स्वतः चहा करून देतो. मला बघून आनंद होतो आणि तुझ्यासाठी वाईट वाटतं, दोन्ही एकदम. हे तुला लिहू नये असं आधी वाटलंतं.

अव्वा


१० ऑगस्ट २००३

सौंदर्या,

तू म्हणालीस म्हणून नवा भुताचा पिक्चर बघितला. मल्टिप्लेक्स का काय म्हणत्यात तसल्या गारगार टॉकीजात, पुण्याला भाचीकडं गेलतो तवा. तिकिटाच्या पैशात आपले दहा पिक्चर झाले असते.

भूत लई भारी केलंय. कॉम्प्युटरवर करत्यात म्हणं. भिंतीतनं येतंय, छतावरनं चालतंय, कुठं दोरा न्हाई, शिवण न्हाई. मी भ्यालो. पण घरी येऊन आठवायला गेलो तर काय आठवंना. दाढदुख्या मला अजून रस्त्यात दिसला तर मी वळखीन. त्या मुखवट्याच्या आत माणूस हुता, त्याला उकडत असायचं, गळ्यावरनं घाम यायचा आणि रंग वघळायचा. त्या घामावर माझा जीव हुता.

तू लिहिलंस त्यावर मात्र माझं भांडण हाय. तू म्हणतीस, आपण त्या पिक्चरांना हसायचो, पण त्यातल्या बायका बघ, सगळ्या कुणी तरी मारल्यालं म्हणून परत आलेल्या, आणि शेवटी म्हाराज येऊन त्यांनाच जाळतो. त्यांचं कुणी ऐकूनच घेत न्हाई. बाळ, हे मला तवाबी दिसत हुतं. मी हसायचो ते त्या बाईला न्हाई, त्या म्हाराजाला. तुला वाटलं आपण दोघी एकालाच हसतोय.

मल्लेशची पोरगी दीड वर्साची झाली. मला अव्वा म्हणती. तुझे मामंजी आता अडतीवर जात न्हाईत, तिलाच खेळवत बसत्यात.

बसगोंडा गुरुजींचं स्थळ आलंय म्हणालीस. बायको गेलेला माणूस, पदरात एक लेक. तुला काय वाटतं ते आधी बघ, मृत्युंजयला काय वाटतं ते मागनं. त्यांना पिक्चर आवडत न्हाईत हे काय मोठं न्हाई. तुला जाऊ देत्यात का, एवढं विचार.

अव्वा


२७ जून २००४

सौ. सौंदर्याला अव्वाचा आशीर्वाद.

तुझ्या लग्नाहून आलो त्याला पंधरवडा झाला. आल्या आल्या लिहिणार हुतो, पण लिहायसारखं पुढं घडत गेलं म्हणून थांबलो.

आधी मांडवातलं. मी मागं खांबाजवळ बसाय बघत हुतो. तूच मला पुढं वढून नेलंस. कोण ती इचलकरंजीची पावणी, तिनं विचारलं, "ह्या कोण म्हणायच्या?" आणि तू सरळ म्हणालीस, "माझ्या सासूबाई." तुझ्या नव्या सासूबाई म्हणाल्या, "मग मी कोण?" तू म्हणालीस, "तुम्हीबी." बसगोंडा गुरुजी पहिल्यांदा हसले. ते हसलेले बघून माझं निम्मं काम झालं. त्यांच्या लेकीनं जेवताना माझ्या मांडीवर डोकं ठेवलं, तवा उरलेलं झालं.

घरी आलो तर मल्लेश सोप्यात बसलेला. शिवांजली पोरीला झोपवत हुती. त्यो बराच वेळ पेपरातच बघत हुता. मग म्हणाला, "कसं झालं?"

"चांगलं झालं."

"माणूस बरा हाय?"

"बरा हाय. हसायला वेळ लावतो, पण हसतो."

त्यानं पेपर घडी करून ठेवला.

गेल्या रविवारी सकाळी मी चप्पल घालत हुतो. आपल्या टॉकीजला जुना पिक्चर लागलेला, हातात पिशवी, कुठं निघाली ते कुणाला सांगितलं न्हवतं. मल्लेश म्हणाला, "पिक्चरला चाललीस न्हवं? मी येतो."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण आला. मी तिकिटं काढाय लागलो तर त्यानं हात धरला, स्वतः काढली. आत बसलो. माणसं थोडीच हुती. दाढदुख्याचाच पिक्चर, पहिल्यातला, गाल सुजलेला, शिंगं न्हवती अजून. जिन्यावरनं उतरला आणि त्याचा पाय धोतरात अडकला. कुणी तरी पुढं हसलं. मीबी हसलो.

मल्लेश हसला न्हाई. बघितलं तर त्यानं खुर्चीचा दांडा दोन्ही हातानं धरलेला. पडद्याकडं बघत न्हवता, खाली बघत हुता. चाळीशीला आलेला गडी, गुळाच्या ढेपा उचलणारा.

मी हळू म्हटलं, "काय झालं रे?"

"अव्वा, ह्याला तुम्ही दोघी हसत हुता?"

"व्हय."

पडद्यावर हिरोइन मेणबत्ती घेऊन निघालीती.

"मला लई भ्या वाटतंय," म्हणाला.

म्हटलं, "मला ठाऊक हाय."

"तिला भ्या न्हवतं वाटत?"

"तिला त्या अमावास्येचं वाटलं असतं."

मी उठू या का म्हणून विचारलं. मान हलवली, न्हाई म्हणून. मी त्याचा एक हात दांड्यावरनं सोडवून माझ्या हातात घेतला. लहानपणी वीज कडाडली की घ्यायचो तसा. घामानं चिंब हुता. दाढदुख्या पळत आला की त्यो डोळे मिटायचा, आणि गेला का म्हणून मला विचारायचा. मी सांगायचो, अजून न्हाई. मग सांगायचो, गेला आता, उघड.

दिवे लागल्यावरबी त्यो तसाच बसून ऱ्हायला. झाडलोट करणारी बाई आली तवा उठलो. घरापर्यंत हात सोडला न्हाई त्यानं, पेठेतली माणसं बघत हुती तरी.

हे तुला लिहू का विचारलं. म्हणाला, "लिही."

तुझी
अव्वा